मऊ पाटा

२ मार्च

पाटा तुटला! आपलाच. पुढचा, डावा. खडी भरलेला टिपर, खाणीचा उतार. चालक जागीच गेला.

साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांना ऐकवला आणि मग माझ्याकडे बघत बसले. का नाही बघणार? ड्रॉइंगवर सही माझी. जुन्या पाट्यात, म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगमध्ये, पोलादी पानांची चळत असायची, एकावर एक घट्ट आवळलेली. मी ती काढून दोनच पानं ठेवली – मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत जाणारी, आणि दोघांमध्ये बोटभर फट. पानं एकमेकांना घासत नाहीत, गाडी हलकी होते, चालकाच्या पाठीला दणके बसत नाहीत. पाहुण्यांना कारखाना दाखवायचा असला की मी आधी ती फट दाखवायचो. मूर्खासारखा!

घरी आलो. बाबांनी चेहरा ओळखलाच. "काय रे, कोणी मेलं का?" त्यांची नेहमीची थट्टा. आज हसता आलं नाही.

३ मार्च

मेलेला चालक म्हणजे पैलवान.

आमचा पैलवान! बाबा ट्रक चालवायचे तेव्हा त्यांच्या गाडीवर क्लीनर होता. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून नाव पैलवान. गाडी बाबांच्या हाताखालीच शिकला. पुढे स्वतः चालक झाला, केस पिकले, तरी बाबांना 'उस्ताद'च म्हणायचा आणि त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही. मला लहानपणी बॉनेटवर बसवून हॉर्न वाजवू द्यायचा.

बाबांना मीच सांगितलं. "कुठला पाटा?" एवढंच विचारलं त्यांनी. "पुढचा," म्हटलं. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

रागावले असणार. रागवायलाच हवं. आयुष्यभर ट्रक चालवून पोराला इंजिनिअर केलं, आणि पोराच्या पाट्यानं त्यांचाच माणूस खाल्ला.

४ मार्च

मी जेवलो नाही. बाबाही नाहीत. ही म्हणाली, "दोघं उपाशी राहून तुटलेला पाटा जुळणार आहे का?" बरोबर आहे तिचं.

५ मार्च

टिपर बघायला गेलो. गॅरेजच्या मागच्या आवारात आणून टाकलाय. केबिन पार चेपलेली, आत पैलवानाचा एक बूट तसाच. तिकडे न बघता गाडीखाली शिरलो.

आणि दिसलं – तीन पानं!

माझ्या दोन पानांच्या मध्ये तिसरं ठोकलेलं. कुठल्या तरी जुन्या गाडीचं, कापून आखूड केलेलं. फट बुजवून टाकलेली. त्या पानाचं टोक वरच्या मुख्य पानाला घासत राहिलं, तिथे ओरखडा पडला, ओरखड्याची चीर झाली आणि एक दिवस तिथेच मुख्य पान तुटलं. चिरेचा जुना भाग गंजून काळा झालाय, शेवटचा तुकडा तेवढा लखलखीत. मुख्य पान गेलं की पुढचा ॲक्सल मागे सरकतो, स्टिअरिंग हातातून हिसकावलं जातं. उतारावर माणूस काय करणार?

सुटलो! मी मोठ्यानं हसलो. हो, हसलो, मेलेल्या माणसाच्या गाडीखाली आडवा पडून. मेकॅनिक वाकून बघायला लागला तेव्हा भानावर आलो. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हा पाटा मऊ आहे हो. माल भरला की खाली बसतो. मग टाकतात एक पान जास्तीचं. बरेच जण टाकतात."

"बसलेला दिसतो! मोडत नाही! वाकायचंच असतं त्याला!" मी ओरडलो. पाट्याला कोणी मऊ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मेकॅनिक बिचारा दोन पावलं मागे सरकला. "मला कशाला ओरडता? आमच्याकडे नाही बसवलं हे," म्हणाला.

७ मार्च

साहेब एकदम खूश. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वापरणाऱ्यानं फेरफार केला, तुटला. आपला काय संबंध? परवापर्यंत अहवाल द्या." पाच दिवस हाच माणूस माझ्याशी धड बोलत नव्हता.

टिपरच्या मालकाला फोन केला. तो शपथा घ्यायला लागला – "मी सांगितलं नाही. पैलवानानंच परस्पर बसवून घेतलं. मला नंतर कळलं." खरं वाटलं मला ते.

म्हणजे अहवालात लिहायचं की चालकानं स्वतःच पाट्याशी खेळ केला आणि स्वतःच्या मरणाला स्वतःच कारण झाला. माझ्यापुरता प्रश्न मिटला!

संध्याकाळी बाबांना सांगितलं. आवाज चढलाच माझा. "तुमच्या पैलवानानंच घातलं पान. कोणी सांगितलं होतं त्याला अक्कल चालवायला?"

बाबा भिंतीकडे बघत होते. "मेलेल्या माणसाच्या माथी मारू नकोस."

"मग कोणाच्या मारू? माझ्या?"

आणखी बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही.

८ मार्च

पैलवानाची बायको आली होती. दारातच उभी राहिली. ही हाताला धरून आत घेऊन आली.

"भाऊजी, लोक म्हणतात ह्यांनी गाडी बिघडवून ठेवली होती. अहो, ह्यांनी कधी स्वतःच्या मनानं एक नट फिरवला नाही. विचारल्याशिवाय हात नाही लावायचे. तुम्ही मोठ्या जागी आहात, सांगा ना तिथे." रडत नव्हती. डोळे कोरडेठाक, ते बघवेना.

काय सांगू? तिचा नवरा माझ्या सोयीचा मेलाय, हे? मी "बघतो, वहिनी" म्हटलं. बघतो म्हणे! अहवाल तयार होऊन बॅगेत पडलाय, नुसता द्यायचा बाकी.

जाताना तिनं विचारलं, "उस्ताद कुठे दिसत नाहीत?" बाबा आतच होते. मी दोनदा बोलवायला गेलो तर मान हलवून नाही म्हणाले. "बरं नाही त्यांना," मी सांगितलं. ती गेल्यावर ही बाबांवर पहिल्यांदाच चिडली – "पोरासारखा होता ना तुमच्या? दोन शब्द बोलायला काय झालं होतं?"

मलाही तेच वाटलं. म्हातारा एवढा दगड कधी झाला?

९ मार्च

सकाळी मी बुटाची नाडी बांधत होतो. बाबा समोर येऊन उभे राहिले, बाहेरचे कपडे घालून.

"पान घालायला मीच सांगितलं त्याला. भरलेली गाडी बघितली, पाटा बसलेला. म्हटलं, हा मोडला तर पोराचं नाव जाईल. तो म्हणाला, एकदा तुला विचारून घेऊ का? मी नको म्हटलं. तुला मऊ म्हटलेलं चालत नाही, तू चिडला असतास." मग म्हणाले, "अहवालात माझं नाव घाल. त्याच्या बायकोकडे मी जातो, मीच सांगतो तिला."

गेलेसुद्धा. मी तसाच बसून आहे, एका पायात बूट.

चिडलो असतो. तेवढंच झालं असतं.