विकत घेण्याआधी हातात धरून पाहणे

मी, आर्डिथ मे कूलमन, कै. लेलंड कूलमन यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी शाळेच्या बसची चालक, राहणार चर्च रोड, हॉथॉर्न बेंड, इंडियाना, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर न्याहारी केलेली आणि कोणीही बखोट धरून बसवलेली नसताना, हे मृत्युपत्र करून ठेवते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र लेलंड हयात असतानाचे आहे. ते रद्द समजावे.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात, आणि मलाही तसेच वाटते. पण बस सुरू करण्याआधी मी रोज खाली उतरून चाके पाहायची. सवय जात नाही.

माझ्या वकील प्रुडन्स ओक्स म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्रात इतकं सगळं लिहायचं नसतं." मी म्हटले, "मग मेल्यावर मला कोण विचारायला येणार आहे?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि लिहून घेऊ लागल्या.

कलम १. राहते घर लेलंडच्या बहिणीची मुलगी जोलीन प्रुइट हिला मिळावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मात्र श्री. काझिमिर वोय्ताला यांना त्या घरात इच्छा असेल तोवर राहण्याचा हक्क राहील. ते असेपर्यंत घर विकू नये आणि वरची खोली भाड्याने देऊ नये. हे वाचून ज्यांच्या भुवया वर जातील त्यांनी कलम ४ पर्यंत दम धरावा.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून दफनाचा खर्च भागवून उरलेले जोलीनचे. फार अपेक्षा ठेवू नये.

कलम ३. लेलंडची ठासणीची लांब बंदूक. लेलंडच्या दफनाच्या आठवड्यातच त्याचा धाकटा भाऊ मर्ल ती घेऊन गेला. "वहिनी, बाईमाणसाच्या घरात नको. माझ्याकडे सुरक्षित राहील," असे म्हणाला. मी बाईमाणूस शाळेची बस बर्फातून चालवत होते, पण असो. ती अजून त्याच्या बंदुकांच्या दुकानाच्या भिंतीवर सुरक्षित आहे आणि गिऱ्हाइकांना तो 'आमच्या घराण्याची' म्हणून दाखवतो. ती बंदूक कायद्याने माझी आहे. म्हणून ती मी मर्ल कूलमन यास या कलमान्वये देत आहे. माझ्या पश्चात तरी ती त्याच्याकडे सरळ मार्गाने असावी.

कलम ४. माझे रिव्हॉल्व्हर.

लेलंड गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मला स्वतः नेम धरावासा वाटू लागला. नेमबाजी क्लबच्या सामन्यांत मी वर्षानुवर्षे गुण मांडले, सूप रांधले आणि पुरुषांचे नेम चुकताना पाहिले. तितपत चुकणे मलाही जमले असते. यादवी युद्धाच्या काळातल्या रिव्हॉल्व्हरची, बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारी, नव्याने बनवलेली नक्कल घ्यायची असे मी ठरवले आणि मर्लच्या दुकानात गेले.

त्याने पितळी चौकटीचे, वेलबुट्टी कोरलेले एक पुढे ठेवले. "वहिनी, डोळे मिटून घे. बायकांना हेच आवडतं."

"डोळे मिटून नेम कसा धरू?" मी विचारले.

शेजारी बार उडवायच्या टिकल्यांची डबी घ्यायला आलेला एक उंच गृहस्थ हसला. तो काझिमिर. टेल सिटीचा, निवृत्त यंत्रकारागीर, विधुर, क्लबात नवा. बाहेर फुटपाथवर त्याने मला गाठले. "पितळ मऊ असतं हो. बेताची दारू घातलीत तर जन्मभर टिकेल. ठासून भरलीत तर चौकट ताणते, आणि गोळ्यांचं चक्र मागंपुढं हलायला लागतं. तुम्ही कितपत भरणार?"

"ठासून," मी म्हटले.

"मग दुसरीकडं बघू या."

त्या शरद ऋतूत आम्ही त्याच्या पिकअपमधून किती दुकाने आणि बंदुकांच्या किती जत्रा पालथ्या घातल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. वस्तू पारखणे म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. आधी विक्रेत्याला विचारायचे, मग हत्यार रिकामे आहे ना ते स्वतः पाहायचे. घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढायचा आणि ऐकायचे: चक्र खाचेत बसताना टक् असा स्वच्छ आवाज येतो की आधीच ते घासत खुरडत येते? घोडा पूर्ण मागे असताना चक्र बोटांनी हलवून पाहायचे. चापाला हात न लावता घोड्यावर अंगठा रेटायचा. तो सुटला तर वस्तू तिथेच ठेवून घरी यायचे. नळी आणि चक्र यांमधली फट उजेडाकडे धरून पाहायची. मुठीचे लाकूड पोलादाला जिथे मिळते तिथून नख फिरवायचे. घोडा मात्र टिकली बसते त्या बोंडीवर रिकामा कधी आपटायचा नाही. मी एकदा आपटला, तेव्हा काझिमिरने असा चेहरा केला की जणू मी त्याच्याच बोटावर आपटला.

इटलीतल्या या कारखान्याची वस्तू चांगली की त्या कारखान्याची, यावर क्लबातले लोक हातघाईवर येतात. मी पाहिले ते असे: एकाच कारखान्याच्या, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन रिव्हॉल्व्हरांतले एक लोण्यासारखे चालत होते आणि दुसरे गोठ्याच्या फाटकासारखे. तेव्हा नाव वाचून घेऊ नये.

आमचे एकाच गोष्टीवर पटले नाही. काझिमिरला चक्राच्या वरून पोलादी पट्टी असलेला नमुना हवा होता. मला वरून उघडा असलेला.

"त्याची नळी एका पाचरीवर उभी असते गं," तो म्हणायचा. तोवर आम्ही अहोजाहो सोडले होते. "पाचर ढिली झाली की नळी डुलणार."

"तुझ्या त्या नमुन्याची मूठ इतकी आखूड की माझी करंगळी बाहेर राहते."

"करंगळीनं कोण नेम धरतं?"

"मी धरते."

रस्त्याकडेच्या हॉटेलांत ॲपल पायचे तुकडे समोर ठेवून हा वाद चालायचा, आणि तो मिटू नये असे मला वाटायचे. हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही.

मर्लने मात्र गावभर सांगितले. टेल सिटीचा पोलिश म्हातारा वहिनीच्या घरावर डोळा ठेवून आहे, असे. जोलीन बिचारी रडवेली होऊन आली. "मामी, त्याला स्वतःचं घर आहे ना गं?" मी म्हटले, "आहे, आणि त्याचं छप्पर आपल्यापेक्षा चांगलं आहे." नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी काझिमिरलाही जेवायला बोलावले. तो ग्रेव्हीचे भांडे पुढे सरकवत होता तेवढ्यात मर्ल मोठ्याने म्हणाला, "काय वहिनी, रिव्हॉल्व्हर निवडते आहेस की नवरा?"

"दोन्ही," मी म्हटले. "आणि तुझ्या दुकानात दोन्हींतलं काही नाही."

सगळे हसले. काझिमिर हसला नाही. त्याने जेवण संपवले, जोलीनला ताटे विसळू लागला, टोपी घातली आणि गेला. त्यानंतर तो क्लबात आला नाही, फोनही उचलला नाही. मी मर्लवर रागावले होते, पण जास्त राग आला तो काझिमिरचा. गावाच्या तोंडाला घाबरून पळणारा माणूस मी त्याला समजले नव्हते.

जानेवारीत जॅस्परच्या जत्रेला मी एकटी गेले. एका टेबलावर मला हव्या त्या नमुन्याची चार होती. मी चारही शेजारी मांडून घेतली आणि एकेक पाहू लागले. विक्रेता वैतागला. "बाई, सगळी सारखीच आहेत."

"मग मी कुठलंही उचललं तरी तुमचं काही बिघडत नाही," मी म्हटले, आणि माझे पाहून झाल्यावर एक उचलले. तिथून सरळ टेल सिटी गाठली.

काझिमिरने दार उघडले. मी खोके त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. "बघ."

त्याने चष्मा लावला. कान जवळ नेऊन घोडा ओढला, पुन्हा ओढला, खिडकीशी जाऊन फट पाहिली. मग म्हणाला, "पाचर जरा घट्ट आहे. बाकी मीही हेच उचललं असतं."

"मग आला का नाहीस इतके दिवस?"

"तू त्या दिवशी टेबलावर थट्टा केलीस," तो म्हणाला. "मला ती थट्टा वाटली नाही. ते खरंच असावं असं वाटलं. मग तुझ्यासमोर कुठलं तोंड घेऊन यायचं?"

मी म्हटले, "पाचर घासून दे." त्याने कानस आणली. एप्रिलमध्ये मी पहिला सामना खेळले आणि शेवटून दुसरी आले. शेवटचा मर्ल होता.

हे रिव्हॉल्व्हर क्लबाला द्यावे. ते काचेच्या कपाटात ठेवू नये. जी नवी बाई, किंवा कोणीही, स्वतःचे घेण्याआधी पारखायला शिकू पाहील तिच्या हातात ते द्यावे. दुसऱ्यांशी तुलना करायला एक चांगले माहीत असावे लागते.

कलम ५. लेलंडची सुतारकामाची हत्यारे काझिमिरची. लोणच्याच्या बरण्या जोलीनला, भरलेल्या असतील तर भरलेल्या.

कलम ६. मला लेलंडच्या शेजारी पुरावे. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे. काझिमिर त्याची दिवंगत पत्नी हालिना हिच्याशेजारी जाईल. यावर आमचे बोलणे झाले आहे, आणि त्यात कोणाला कोणाचे वाईट वाटलेले नाही.

कलम ७. या मृत्युपत्राचा मसुदा परवा मंगळवारी तयार झाला तेव्हा ओक्सबाईंनी विचारले, "श्री. वोय्ताला तुमचे कोण?" मी 'स्नेही' असे लिहायला सांगितले. घरी परतताना पिकअपमध्ये मी ते काझिमिरला सांगितले, तेव्हा त्याने रेडिओ बारीक केला. मग म्हणाला, "स्नेही?"

"मग काय लिहायचं होतं?"

"इस्पितळात खोलीबाहेर थांबवतील की मला. स्नेह्यांना आत कोण घेतं?" थोडे पुढे गेल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. "वकिलीणबाईंना म्हणावं, तो शब्द पेन्सिलीनं लिहा. या शनिवारी मी मोकळा आहे. तू आहेस का?"

मी मोकळी होते.

सबब हे मृत्युपत्र मी श्री. काझिमिर वोय्ताला यांच्याशी येत्या शनिवारी होणाऱ्या माझ्या विवाहाची पूर्ण जाणीव ठेवून केले आहे, आणि त्या विवाहाने यातील कोणतेही कलम रद्द होणार नाही. श्री. वोय्ताला यांस यातून लाभ होत असल्याने ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. ते बाहेर गाडीत बसले आहेत. जोलीनला आम्ही काल सांगितले. मर्लने हे इथे वाचावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही करत आहे.

स्थळ: हॉथॉर्न बेंड, इंडियाना
दिनांक: १७ सप्टेंबर २०१५, गुरुवार

(सही) आर्डिथ मे कूलमन

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी एकमेकांच्या व श्रीमती कूलमन यांच्या समक्ष सह्या केल्या:

(सही) डेल्फीन ऑल्ट, ग्रंथपाल
(सही) गारलंड बीझली, सचिव, नेमबाजी क्लब. शनिवारी चर्चमध्येही साक्षीदार म्हणून सही करण्यास मी होकार दिला आहे.