J ची रिकामी जागा

येना, १० फेब्रुवारी १९९१

ती. एकेहार्टदादास,
सा. न. वि. वि.

आमंत्रण पोचलं. साठीच्या शुभेच्छा, पण एप्रिलमध्ये मी येणार नाही. अडुसष्ट साली आई गेली तेव्हा शवपेटीमागे मी एकटी चालले. तू सत्तावन्न सालीच सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत गेलेला. परत आला असतास तर तुरुंगात पडला असतास, हे कळतं मला. कळून काही भरून निघत नाही. तुम्ही लोक आम्हाला विसरलात. आता भिंत पडल्यावर केळी आणि आमंत्रणं पाठवता.

दुसरं कामाचं. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. बाजाराच्या मैदानावर तुमच्या पश्चिमेकडच्या कासेलचा एक विक्रेता जुन्या गाड्या घेऊन येतो. एक पांढरी मला आवडली. तो म्हणाला, ताई, तपासणी नुकतीच झालीय, नंबराच्या पाटीवर गोल चकती आहे, डोळे मिटून घ्या. शेजारच्या झायफर्टबाई म्हणाल्या की डोळे मिटून आपली चाळीस वर्षं गेली, आता उघडू या. तुझा जन्म गाड्यांच्या नोंदणी कार्यालयात गेला, म्हणून विचारते. चकतीत मध्ये ९१ आहे आणि सगळ्यात वर ४.

कळावे.
हानेलोरे

गॉटिंगेन, १७ फेब्रुवारी १९९१

प्रिय हानेलोरेस,
अनेक आशीर्वाद.

ती गाडी घेऊ नकोस. चकती घड्याळासारखी वाचायची: बाराच्या जागी जो आकडा तो महिना, मधला आकडा साल. पण ती तपासणी झाल्याची तारीख नव्हे, पुढची कधी करायची त्याची. म्हणजे एप्रिलमध्ये मुदत संपते; शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची. त्याने खोटं लपवायचे कष्टही घेतले नाहीत. तुम्हाला वाचता येत नाही, एवढंच त्याने हेरलं.

बाकीची पाटी सोपी आहे. सुरुवातीची अक्षरं गावाची किंवा जिल्ह्याची. मोठ्या शहराला एक, लहानाला दोन-तीन. आमचं GÖ. मग सरकारी शिक्का, मग गाडीची स्वतःची अक्षरं आणि आकडे.

विसरलात म्हणतेस, म्हणून एक सांगतो. अठ्ठावन्न साली मी नोकरीला लागलो तेव्हा भिंतीवर अक्षरांची यादी होती. तीत गावाच्या जागी J कोणत्याच गाडीला द्यायचं नव्हतं. ते Jena, म्हणजे तुमच्या येनासाठी, देश पुन्हा एक होईल तेव्हासाठी राखलेलं. गेरासाठी G, झ्विकाऊसाठी Z, तीही तशीच. युर्गन (Jürgen) नावाचा एक खाटीक दर वर्षी येऊन आपल्या नावाचं J मागायचा. मी त्याला सांगायचो, ती खोली भाड्याने द्यायची नाही, घरची माणसं यायची आहेत. तो म्हणायचा, तोवर तुम्ही निवृत्त व्हाल. मंत्री बदलले, कारकून मेले, पण ते अक्षर कोणी वापरलं नाही. ज्याने ती यादी केली त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याच्याइतका आदर मला कोणाबद्दल वाटलेला नाही.

आईच्या बाबतीत माझ्याकडे असं दाखवण्यासारखं काही नाही.

जमलं तर माया ठेव.
एकेहार्ट

येना, २४ मार्च १९९१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विक्रेत्याला मी घड्याळ वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही फार लवकर शिकता. झायफर्टबाईंनी त्याला सांगितलं की आम्ही रांगेत उभ्या राहून सगळंच शिकलोय. गाडी मी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून घेतली, जुनीच, पण चकतीवर पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर आहे.

कार्यालयात तीन तास बसले. खिडकीतल्या मुलीने J ची पाटी दिली. मी मुद्दाम विचारलं, हे अक्षर कोणाकडून काढून घेतलं का. ती म्हणाली, नाही, कोणाकडे नव्हतंच, कोरं आहे. मी पाटी मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले. माझ्याआधीचा म्हातारा आपली पाटी रुमालाने पुसत होता, नवी कोरी असून.

एका अक्षराने तुला माफी मिळत नाही. पण विसरलात हा शब्द मी मागे घेते.

वीस एप्रिलला दुपारी पोचेन. वाढदिवस पाहुण्यांबरोबर साजरा कर. ते गेले की आपण दोघं आईबद्दल बोलू. मला तुझ्यावर ओरडायचं आहे, आणि पत्रात आवाज चढत नाही.

राग आहे तो लोभापोटीच आहे, तसाच असू दे.
तुझी हानेलोरे