संजूचा पगार

११ जाने., रवि.
यवतमाळला मावशीकडे जाऊन आले. जेवताना मावसभाऊ संजू म्हणाला, तिथल्याच लोहारा एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीत लॅबमध्ये जागा निघते आहे. तेल तपासायचं काम. "तू तं केमिस्ट्रीवाली, ताई. माह्याएवढाच पगार भेटन."
किती, विचारलं. त्याची बायको रूपाली पोळी वाढत होती. तो म्हणाला, अठ्ठावीस हजार.
माझ्या दुप्पट! घास हातातच राहिला. जूनपासून लेकीचं, केतकीचं, अमरावतीचं होस्टेल सुरू होईल.

१२ जाने.
हे शेतातून आले. तुरीच्या शेंगा सोलता सोलता विषय काढला. "जायाचं असन तं जाय. भाकरी मी टाकतो." महिन्यातून एकदा चहा करणारा माणूस! हसू आलं. पण चटकन असं म्हणणारा नवरा मिळाला, हेही लिहून ठेवते.
पांढरकवड्याहून रोज अपडाऊन होणार नाही. तिकडे खोली घ्यावी लागेल. तरी अठ्ठावीस ते अठ्ठावीस.

१५ जाने.
केळापूरच्या आजी आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त द्यायला आल्या. त्यांची शीर लवकर सापडत नाही. आज सापडली. "तुहा हात लागला का दुखतच नाई, बाई." हे पगारात कुठे धरायचं?
आणि लॅबच्या मालकीण, डॉक्टर मॅडम. मला टायफॉइड झाला तेव्हा पूर्ण पगार स्वतः घरी आणून दिला, वर मोसंबी. पॅथॉलॉजीतलं सगळं त्यांनीच शिकवलं. पण इतकी वर्षं इथे थांबले ती त्यांचं हे सगळं आठवून, की नव्या जागी आपलं हसं होईल या भीतीने? दोन्ही असेल.

१८ जाने., रवि.
संजू मोटारसायकलवर एवढ्या लांब आला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणे. आत यायलाही तयार नाही, फाटकापाशीच उभा.
"ताई, तो आकडा लग्नातला हाय."
"म्हंजे?"
लग्न ठरताना मावसाजींनी मुलीकडच्यांना याचा पगार फुगवून सांगितला होता. तेव्हापासून रूपालीसमोर तोच चालू आहे. "खोट्या पगारालेही दरवर्षी इन्क्रिमेंट द्या लागते न!" खरा एकोणीस. वरचे भरून काढायला रविवारी लोकांचे पाण्याचे आरओ दुरुस्त करतो. घरी सांगतो, मित्रांची कामं.
दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तो म्हणाला, "तू राजीनामा देऊन बसली असती तं मले झोप नसती लागली."
माझ्यासाठी आजचा रविवार बुडवला त्याने. आणि लाज गिळली. भाऊ म्हणून आणखी काय मागायचं?

१९ जाने.
यांना इतकंच सांगितलं, जागेचा पगार एकोणीस निघाला. का, ते सांगितलं नाही. खोलीभाडं, येणं-जाणं वजा केलं तर इथल्यापेक्षा थोडंच वर.

२१ जाने.
मॅडमना सांगितलं, जागा आहे, विचार करते आहे. पगाराचा विषय मी पहिल्यांदाच काढला. त्या म्हणाल्या, "तिकडे किती देतात?"
"विचारून सांगते," म्हणून सुटले.
घरी हे म्हणाले, "अठ्ठावीस सांग. ऐकलंच होतं न तू?"
ऐकलं तर होतंच. दोन्ही आकडे संजूच्याच तोंडचे. मी काही नवीन रचणार नाही, दोनातला एक फक्त... किती पटकन पटवते मी स्वतःला!

२३ जाने.
एकोणीस सांगितला.
मॅडम हसल्या. "एवढंच? मग कशाला जातेस?"
"जात नाही, असं अजून म्हटलं नाही मी, मॅडम."
हे वाक्य कुठून आलं कोण जाणे. त्यांनाही नवीन होतं. मायक्रोस्कोप बाजूला सारला, मला बसायला सांगितलं, दोघींसाठी चहा मागवला. रागावल्या नाहीत. उलट, आधी का बोलली नाहीस, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर. बरं वाटलं.
"ते राहू दे. तुझ्या मनात किती आहे?"
संजूला विचारलं, शेजारच्या शिक्षकांना विचारलं, केतकीच्या मैत्रिणीच्या आईलाही विचारलं, तुम्हाला किती मिळतात. माझ्या कामाचे किती व्हावेत, हे मात्र काढलंच नव्हतं. सोमवारपर्यंत वेळ मागितला. त्यांनी दिला.
यांना विचारायचं नाही. संजूलाही नाही. या वेळी माझा आकडा मीच काढणार.