सुतकात गेलेलं नाव

सोलापूर

ती. स्व. गोपाळदादास,

धाकट्या इंद्रायणीचा वाकून नमस्कार. वाकून म्हटलं ते नमस्कारापुरतं; बाकी मी ताठ आहे, हे आधीच सांगते. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर आटोक्यात आहे ना? (परवा अवधूतच्या हातून शेंगाचटणी आली, ती त्यांनीच दिली असणार. तू रागात असताना मला काही पाठवणारं त्या घरात दुसरं कुणी नाही.) इकडे हे बरे आहेत, मीही बरी आहे, आणि जोडलिंगेश्वर डॉट इन हे नाव माझ्याकडे सुखरूप आहे. ते परत मिळणार नाही.

देवळात भावकीची बैठक भरवून तुम्ही मला देवाचं नाव चोरणारी ठरवलंत, असं कळलं. चोरी कशी झाली ते सगळ्यांना नीट समजावं म्हणून लिहिते. पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाच. डॉट इन म्हणजे इंटरनेटवरची आपल्या देशाची पाटी. पूर्वी ती मिळवायची तर मुंबईच्या एका सरकारी संस्थेला कागदपत्रं धाडून वाट बघावी लागे. आपल्यासारख्यांना कोण विचारतो. दोन हजार पाच साली दार उघडलं आणि जो आधी येईल त्याला नाव, असं झालं. मी तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. आपल्या देवाचं नाव पहिल्यांदा घेतलं ते मी. फोटो चढवले, आरतीच्या वेळा घातल्या. बाबा खूश झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ते पूजेच्या पाळीला जोडून टाकलं. ज्या घराची त्या वर्षी पाळी, त्याच्याकडे गाभाऱ्याची किल्ली आणि सोबत पासवर्ड. पाळी मुलांना, मुलीला नाही, त्यामुळे माझ्याकडे काहीच उरलं नाही. नाव एकदम दहा वर्षांसाठी भरता येतं, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. पण दुसऱ्याच्या पाळीचे पैसे आपण का भरायचे, या मुद्द्यावर भावकीतली सगळी घरं कधी नव्हे ती एक झाली.

गेल्या वर्षी पाळी आपल्या चुलतभावाची, अवधूतची. नाव नव्यानं भरायची वेळ आली आणि नेमक्या मोडनिंबच्या बजाबाई गेल्या. (शंभरीला टेकल्या होत्या, छान जगल्या; त्यांचा यात काही दोष नाही.) सगळी भावकी सुतकात. सुतकात देवाचं काही शिवायचं नाही, म्हणून अवधूतनं माउसलाही हात लावला नाही. (पूजेला दुसऱ्या गावचा गुरव आणलात. पासवर्डला का आणला नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही.) नाव विकणाऱ्या कंपनीनं आठवण करून दिली, तर त्यानं उलट इंग्रजीत कळवलं की घरात सुतक आहे, तेराव्यानंतर बघतो. सुतक फिटलं तोवर पितृपक्ष लागला. त्यात खरेदी करायची नाही. तो संपला, तर सुतकात बुडालेले दिवस कुणाच्या पाळीत धरायचे यावर दसरा उलटेपर्यंत भांडलात. देशाच्या नावांचा कारभार बघणारी संस्था दिल्लीत आहे, तिला याचं काही सोयरसुतक नव्हतं. वाढीव मुदतही सरली आणि नाव मोकळं सुटलं. असल्या सुटलेल्या नावांवर पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती लावणारे लोक टपलेले असतात. आपल्या देवाच्या नावावर जुगार दिसला असता, दादा. मी सकाळी दिवा लावला आणि नाव घेतलं. लग्न झालेल्या मुलीला भावकीचं सुतक लागत नाही. हा नियम तुमचाच आहे, मी केलेला नाही.

परवा अवधूत आला. पायरीवरच उभा राहिला. "आक्का, देवाचं नाव हाय ते. परत दे की," म्हणाला. मी म्हटलं, "देवाचंच हाय, म्हणून तर घेतलं." मग आत येऊन चहा प्याला, चटणी ठेवली, आणि जाता जाता सांगितलं की तू दिल्लीला तक्रार करणार आहेस.

जरूर कर. तक्रारीचे नियम मी वाचलेत. तुला लिहून द्यावं लागेल की इंद्रायणीनं हे नाव वाईट हेतूनं घेतलं आणि तिचा या नावाशी काही संबंध नाही. ज्या देवळाचं अंगण मी माझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा झाडलं, त्या देवाशी माझा संबंध नाही, एवढं लिही आणि खाली सही कर. मी एका शब्दानं न भांडता नाव सोडून देईन. मला या सगळ्याचा फार राग आला आहे आणि वाईटही वाटलं आहे. सही करताना पेन अडखळलं, तर शाईला दोष देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, भावकीला काही नाही.

तुझी बहीण,
इंद्रायणी

ता. क. : नाव दहा वर्षांसाठी भरून टाकलं आहे. तेवढी वर्षं कुणीही खुशाल जावं, नावाला धक्का लागणार नाही.

आणखी एक ता. क. : यंदा पाळी तुझी आहे; येत्या श्रावणातला एक सोमवार मला दे. एकच. पहाटेची पूजा मी करीन आणि किल्ली संध्याकाळी तुझ्या हातात देईन. मग नावाचं काय करायचं ते आपण दोघं बसून ठरवू.

शेवटचं : पासवर्ड नवा आहे, पण तुला कुणाला विचारावं लागणार नाही. अंगण झाडताना बाबा मला ज्या नावानं हाक मारायचे, ते घाल. लगेच उघडेल. ते आठवत नसेल, तर मग दिल्लीला लिही.