मडगार्डचा स्क्रू कोणी आवळू नये

मी, निंबा सुपडू बडगुजर, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, फिटर, मूळचा तापीकाठचा, तालुका शिरपूर, हल्ली राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी नशापाणी करत नाही. डोकं ठिकाणावर आहे. मन मात्र ठिकाणावर नाही, कारण तीन आठवडे झाले तरी मला बसलेला धक्का उतरलेला नाही. वकीलसाहेब म्हणाले, "काका, धक्का बसल्याचं यात लिहायचं नसतं." मी म्हटलं, मग मी हे सगळं कशापायी बदलतोय ते वाचणाऱ्याला कळणार कसं?

१. गेल्या नोव्हेंबरात केलेलं माझं पहिलं मृत्युपत्र या लेखाने रद्द करतो. विशेष करून त्यातलं सातवं कलम. त्यात मी लिहिलं होतं: "माझा मित्र शालिग्राम झिपरू भोई यास माझ्या वस्तूंपैकी काहीही देऊ नये, कारण अकरा वर्षं दर रविवारी माझ्याबरोबर सायकल चालवून त्याने एकदाही पुढे होऊन वारा अंगावर घेतला नाही." हे शब्द माझेच. आज ते माझ्याच्याने वाचवत नाहीत.

२. डिंडोलीचं दोन खोल्यांचं घर माझी पत्नी सरलाबाई हिचं, ती आहे तोवर. तिच्यामागे मुलगा कुंदन याचं. बँकेत जे आहे ते सरलाबाईचं, आणि तिला त्याचा हिशोब कोणी विचारू नये. ही बाई तीस वर्षं माझ्या तोंडासमोर येऊन, कमरेवर हात ठेवून बोलत आली. मी समजत होतो की स्वभावच भांडखोर आहे. तसं नव्हतं. मागून बोललेलं मला ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं आणि चारचौघांत ते दिसू नये म्हणून ती समोर येत होती. हे मला आत्ता फेब्रुवारीत कळलं. तिची मी इथे लेखी माफी मागतो, कारण तोंडी मागितली तर ती "चला, चहा घ्या" म्हणून उठून जाते.

३. आता कानांचं. छत्तीस वर्षं मी लूमच्या खडखडाटात काढली. शेठने कानात घालायला साधा कापूस दिला नाही, आणि आम्ही मागितला नाही. खात्यात बोलून उपयोग नसतो. तिथे सगळं हातांच्या खुणांवर आणि ओठांवर चालतं. बोट फिरवलं की दोरा तुटला, मूठ दाखवली की मशीन बंद कर, तळहात खाली दाबला की हळू. शालिग्रामचे लूम माझ्या समोरच्या रांगेत होते. पंचवीस वर्षं आम्ही असेच गप्पा मारत आलो. शेठ मागे उभा असताना त्याच्या नकला केल्या, दोघांच्या पोरींची लग्नं ठरवली. मला वाटायचं, मला थोडं कमी ऐकू येतं. थोडं.

काम सुटल्यावर मी सायकल काढली आणि त्यालाही काढायला लावली. शहरात चालवणं म्हणजे जीव हातात धरणं, म्हणून शेजारच्या लक्ष्मणच्या टेम्पोत सायकली टाकायच्या, तो भाजीसाठी कामरेजला जातो, तिथे उतरायचं. पुढे गळतेश्वराच्या अंगाने तापीच्या काठाकाठाचा रस्ता. एका हाताला ऊस आणि केळी, दुसऱ्या हाताला नदी, आमच्या गावावरून वाहत आलेलं पाणी. सकाळी तासतासभर एक गाडी येत नाही. बोधानला चहा, आणि वर्षातून दोनदा पार मांडवी. तिथल्या जुन्या पेठेत लाकडी खांबांची घरं आहेत. शालिग्राम प्रत्येक खांबावरून हात फिरवत बसायचा. "काय नक्षी शे रे भाऊ!" मी त्याला टाकून बोलायचो, "बघायचं ते डोळ्यांनी बघ, घरवाले ओरडतील."

हे मी बोललो. डोळ्यांनी बघ, असं मी त्याला बोललो.

४. घडलं ते असं. नोव्हेंबरच्या मृत्युपत्रात सायकल कुंदनला "चालू व निर्दोष स्थितीत" द्यायची असं मी लिहून बसलो होतो. कुंदन म्हणाला, "पप्पा, निर्दोष कसली? ते मागचं मडगार्ड एवढं खडखडतं की गल्लीतली कुत्री उठून बसतात." मी म्हटलं, काही खडखडत नाही. पण लिहिलेलं खरं करायचं म्हणून एक फेब्रुवारीला, शनिवारी, मी ट्यूबची पट्टी घालून त्याचा स्क्रू गच्च आवळला.

दुसऱ्या दिवशी रविवारी नेहमीसारखे निघालो. मी पुढे, तो मागे. गळतेश्वर सोडेपर्यंत रस्ता सरळ, मग वळण आहे. मी हाताने खूण केली, तळहात खाली, हळू. थोड्या वेळाने पुन्हा खूण केली आणि सहज मागे पाहिलं तर रस्ता मोकळा. मागे फिरलो. वळणावर त्याची सायकल उसाच्या चारीत उताणी पडलेली, आणि तो चिखलात बसून हाका मारतोय. आवाज मला येत नव्हता, ओठ दिसत होते. निंबा, निंबा. मी त्याच्यापासून दहा हातांवर येऊन उभा राहिलो. खात्यातली खूण केली, काय झालं? तो माझ्या अंगावरून पलीकडे पाहत होता आणि हाकाच मारत होता. मी दोन्ही हात हलवले. तरी तो उसाकडे तोंड करून, निंबा, निंबा.

मी हात खाली घेतले.

मी ओरडलो, "अरे मी इथं आहे!" तो दचकून वळला आणि पहिला शब्द काय बोलला असेल? "तुन्हं मडगार्ड कथा गयं?" मडगार्ड कुठे गेलं म्हणे!

ऊसवाला धावत आला, "शुं थयुं काका?" काय झालं ते आम्ही दोघंच एकमेकांना विचारत होतो.

शुगरने त्याच्या डोळ्यांचे पडदे पाच वर्षांपूर्वीच गेलेले. उजेड आणि सावली, बस. पाच वर्षं तो माझ्या मडगार्डच्या आवाजामागे सायकल चालवत होता. आवाज डावीकडे गेला की डावीकडे. आणि पाच वर्षं मी त्याला हाताने खड्डे दाखवत होतो, म्हशी दाखवत होतो, थांब म्हणत होतो. एकही खूण त्याला दिसली नाही.

उलट तो मागून ओरडायचा, "ट्रॅक्टर आला, बाजूला हो!" मला तो ट्रॅक्टर दिसला की मी बाजूला व्हायचो. त्याला वाटायचं, ऐकलं. बोधानला समोरासमोर बसलो की मी त्याचे ओठ वाचायचो, आणि मी ओठ वाचतोय हे त्याला दिसायचं नाही. असे आम्ही दोघे पाच वर्षं एकमेकांची काळजी घेत होतो! त्या रस्त्यावर रहदारी नव्हती म्हणून जिवंत आहोत, दुसरं काही कारण नाही.

दवाखान्यात त्याची बायको मंदावहिनी आली. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी सांगायचं. ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, भाऊजी? हे तर म्हणायचे, निंबा मला सांभाळून नेतो." लक्ष्मणलाही माहीत होतं. "खांदा धरून टेम्पोत चढतात ना काका, मला वाटलं तुम्ही ठरवूनच पुढे राहता." सगळ्या गल्लीला माहीत होतं, मी सोडून. मी शालिग्रामला विचारलं, मला का नाही सांगितलंस? गळपट्टीत हात अडकवून पडलेला तो, म्हणतो, "सांगतो तर तू रविवार बंद करता ना."

केला असता. खरं लिहितो, लगेच केला असता.

५. कुंदनने मला कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावून मी पहिल्यांदा स्क्रू सैल केला आणि अंगणात सायकल फिरवली. काय तो घाणेरडा आवाज! पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. आणि या आवाजावर भरवसा ठेवून एक माणूस पाच वर्षं नदीकाठाने माझ्यामागे आला. मी सायकल भिंतीला लावली आणि स्क्रू सैलच आहे ना ते पुन्हा पाहिलं. यंत्र माझ्यासोबत जाळू नये, खात्यातल्या कोणा जुन्या माणसाला द्यावं.

६. म्हणून सायकल आता कुंदनला नाही. कुंदन, राग मानू नकोस, तुला घर आहे आणि तुला रविवारी झोप लागते. सायकल माझी मुलगी योगिता हिला, एका अटीवर. शालिग्रामचं हाड सांधल्यावर, माझ्याने होईल तोवर मी पुढे असेन, आणि माझ्यामागे ती पुढे असेल. हे तिला विचारूनच लिहिलं आहे. ती दवाखान्यात त्याला म्हणाली, "काका, मी पप्पांसारखी हात हलवत बसणार नाही हं. खड्डा आला की ओरडणार." तो म्हणाला, "ओरड बेटा. तुझ्या बापानं अकरा वर्षांत मला एक खड्डा सांगितला नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही, मग आलं.

७. पान्यांची पेटी, पंप, पंक्चरचं सामान कुंदनला. फक्त मडगार्डला लागणारा छोटा स्क्रूड्रायव्हर त्यातून काढून शालिग्रामच्या ताब्यात दिला आहे. तो स्क्रू त्याच्याशिवाय कोणी आवळू नये. सायकल विकत घेणाऱ्याने, दुरुस्त करणाऱ्याने, घरातल्या कोणीही.

८. माझ्या अस्थी नाशिकला वगैरे नेऊ नयेत. येणाऱ्या पहिल्या रविवारी लक्ष्मणच्या टेम्पोने कामरेजला न्याव्यात, कॅरियरला बांधाव्यात, योगिताने सायकल <s>हळूहळू</s> चालवावी, गळतेश्वराच्या पुढच्या घाटावर सोडाव्यात. शालिग्राम मागे असेल.

शालिग्रामला साक्षीदार करायचं मनात होतं. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे तो नसावा, आणि साक्षीदाराने सही होताना पाहिली पाहिजे. शालिग्राम म्हणाला, "दोन्हीकडून नापास झालो."

वरील सर्व मजकूर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. "हळूहळू नको लिहू. पोरगी मान राखायला हळू चालवेल. हळू चालवलं की मडगार्ड वाजत नाही." म्हणून कलम आठमधला तो शब्द मी खोडला आहे. खोडाखोड माझी, मला मान्य. नि. सु. ब.

सही: निंबा सुपडू बडगुजर

आम्हा दोघांदेखत निंबाकाकांनी शुद्धीत, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून सही केली. त्यांच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार १: लक्ष्मण आत्माराम चौधरी, टेम्पोचालक, डिंडोली
साक्षीदार २: उज्ज्वला प्रल्हाद सैंदाणे, बालवाडी शिक्षिका, डिंडोली

ठिकाण: सुरत
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२५, शनिवार