तीनशे अठरा नंबरची होडी

थुंग बाय, निन्ह बिन्ह
१४ डिसेंबर

प्रिय थ्वान,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू, दियेप आणि जावई बरे असाल असं धरून चालते. बोंगला दात येत असतील तर त्याला बाटलीतलं रंगीत गोड पाणी देऊ नका. भाताची पेज द्या. साइगॉनमध्ये तांदूळ मिळतो असं ऐकून आहे.

फोन तू उचलत नाहीस. दियेप उचलते आणि आई झोपली आहे म्हणते. सकाळी दहाला तू आयुष्यात कधी झोपली नाहीस. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र उघडायला दियेपची परवानगी लागत नाही.

इकडे थंडी पडली आहे. पाणी उतरलं, कमळाची पानं काळी पडून मोडली, गुहांमधून जाताना आता डोकं फार वाकवावं लागत नाही. तुझ्या अंगणातल्या पपनसाला यंदा फळ बेताचं आहे, पण रसाळ. त्यातली मोठी फळं देव्हाऱ्यात पूर्वजांपुढे ठेवली. तुझ्या घरच्या देव्हाऱ्यात. त्याबद्दल पुढे लिहिते.

क्वेत माझ्याशी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही. त्याला घरावर दुसरा मजला हवा आहे आणि वारसा क्षेत्रात तो चढवता येत नाही. गावच्या समितीत मीच बसते, तेव्हा पोटच्या मुलासाठी नियम वाकवला तर उद्या डोंगर दिसायचे नाहीत, नुसत्या गच्च्या दिसतील. तो सुनेला म्हणाला, "आई घरात राहते की समितीत, हे तिला एकदा ठरवायला सांग." मी ठरवलं. मी दोन्हीकडे राहत नाही. ऑगस्टपासून तुझ्या घरी राहते आहे.

आता शिक्षेबद्दल. एकदाच लिहिते. बगळ्यांच्या खाडीच्या तोंडाशी दोरी बांधलेली असते ती विणीच्या दिवसांत कोणी आत जाऊ नये म्हणून. तू एप्रिलमध्ये दोन प्रवासी घेऊन आत गेलीस. पक्षी एकदम उठले, अंडी पाण्यात पडली. समितीने तुला सहा महिने होडीवरून उतरवलं. हात सगळ्यांत आधी मी वर केला होता. तुला ते दिसलं होतं. आजही मी हात वर करेन. तू का गेलीस हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण ते कळून अंडी परत येत नाहीत. पण आता ऐकायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तू पहाटेच्या बसने गेलीस. किल्ली शेजारच्या लुआकडे ठेवलीस, माझ्याकडे नाही.

तुला नियम माहीत आहेच, पण तू गेलीस तेव्हा तो तुझ्या डोक्यात नसावा. होडीचा नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. एकाला शिक्षा झाली तर त्याच घरातल्या दुसऱ्याने पाळी चालवायची. घर बंद पडलं आणि होडी काठावर पालथी राहिली, तर नंबर रांगेतल्या पुढच्या घराला जातो. पुढचं घर म्हणजे ह्वात आणि त्याची नवी बायको. चांगली पोरं आहेत. ऑगस्टमध्ये धक्क्याचे प्रमुख त्राकभाऊ तुझ्या होडीवर खडूने खूण करायला आले. लुआने मला बोलावून आणलं. त्याच संध्याकाळी मी माझी गादी, मच्छरदाणी आणि औषधाची पिशवी घेऊन तुझ्या घरी आले.

त्राकभाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही या घरच्या कशा?"

"इथे उदबत्ती कोण लावतं?"

"तुम्ही."

"चुलीवर भात कोणाचा शिजतो?"

"तुमचा. बरं, मानलं. पण वल्हं कोण मारणार?"

"मी."

लुआ चहा पीत होती. तो तिच्या नाकातून बाहेर आला.

हसण्यासारखंच होतं, हे मी मान्य करते. या गावातल्या बायका मागे रेलून पायांनी वल्ही मारतात. मला ते येत नव्हतं. मी हनोईला कॉलेजात शिकत होते तेव्हा तू याच पाण्यातून गोगलगायी आणि गुरांसाठी पाणवेली काढत होतीस, म्हणून तुझे पाय तयार झाले आणि माझे झाले नाहीत. मी आधी हातांनी वल्हवलं. पहिल्याच खेपेला होडी आडवी झाली आणि मी एका जर्मन जोडप्याला घेऊन गुहेत उलटी शिरले. मागच्या होडीतून लुआ ओरडली, "बाई, वर्ग तिकडे आहे." सगळा धक्का हसला. त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. एकेकाळी पाढे चुकले म्हणून मी ज्यांना उभं केलं होतं, ते सगळे काठावर बसून माझ्या चुका मोजत होते.

मी लुआला सांगितलं, मला शिकव. ती म्हणाली, "शिकवते, पण मी तुम्हाला ओरडणार. तुम्ही मला ओरडला होतात." तिने शब्द पाळला. "पाय ढकला, बाई, शाई पुसताय का?" असं ती उरलेला पावसाळाभर म्हणत होती. ऑक्टोबरपासून मी पायांनी वल्हवते. वेग नाही, पण रेष सरळ. पोटऱ्यांना रात्री मिरीचं तेल लावते. तुझ्या कपाटातली बाटली संपली, नवी आणली.

एक प्रकार सांगते, दुसरीकडून कळण्याआधी. गेल्या महिन्यात हनोईचे एक गृहस्थ होडीत होते. मोठा कॅमेरा. खाडीजवळ आल्यावर म्हणाले, "आजी, दोरीच्या पलीकडे घ्या ना. आत्ता काही विणीचा हंगाम नाही."

"दोरी अजून सोडलेली नाही."

"दोन मिनिटं. कोण बघतंय?"

"मी बघते आहे."

त्यानंतर ते धक्का येईपर्यंत तेच म्हणत राहिले. आधी गोडीने, मग चिडून, मग माझ्यासारख्या बायकांमुळे देश मागे राहिला असं. माझे पाय वल्ह्यांवर, पाठ लाकडाला, तोंड त्यांच्याकडे. उठून जायला जागा नाही. वर्गात निदान मी पोराला बाहेर काढू शकत होते. तू पंचवीस वर्षं असे लोक समोर घेऊन बसलीस हे मला माहीत होतं. पण ते ऐकून माहीत होतं.

मी त्या गृहस्थांना वारसा म्हणजे काय ते परतीच्या वाटेवर समजावून सांगितलं. त्यांनी तक्रार केली की होडीवाली प्रवाशांना शाळा शिकवते. त्राकभाऊंनी मला प्रवाशांशी सौजन्याने वागण्याच्या वर्गाला बसवलं. वर्ग घेते ह्वे, माझीच विद्यार्थिनी.

ती म्हणाली, "बाई, हसून दाखवा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. नुसतं."

"कारणाशिवाय मी हसत नाही."

"माहीत आहे, बाई. पाच वर्षं पाहिलंय." मग तिने मला उत्तीर्ण केलं. मी असते तर केलं नसतं.

संध्याकाळी शेवटची खेप झाली की मी दोरीच्या अलीकडे थोडा वेळ थांबते. बगळे परतलेत. गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत असं लुआ म्हणते. झाडं पांढरी दिसतात. तुला हे कळवावंसं वाटलं. तुला माफ केलं असा याचा अर्थ नाही. बगळे परतलेत एवढाच अर्थ आहे.

आता कालची गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आणि जी मी इतका वेळ लांबवते आहे.

काल बैठक झाली. तुझी शिक्षा ऑक्टोबरात संपली. संपल्यावर शिक्षा झालेल्या बाईने स्वतः समितीपुढे येऊन वल्हं हातात घ्यायचं असतं. टेटच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाआधी, चुलीचा देव स्वर्गात जातो त्या दिवसाच्या आत. ती आली नाही तर घरातल्या कोणाचंही वल्हवणं धरत नाहीत. त्राकभाऊंनी माझी सोय केली. म्हणाले, "तीनशे अठरा कायमची बाईंच्या नावावर करू. थ्वान तिकडे नातवात रमली. बाई चांगल्या वल्हवतात." कोणाचीच हरकत नव्हती. ह्वातसुद्धा म्हणाला, बाईंना मिळत असेल तर तो रांगेत थांबेल.

सोपं होतं. मी नको म्हटलं.

"मग ह्वातला देऊ," त्राकभाऊ म्हणाले.

"त्यालाही नाही. थ्वान येते आहे."

"कधी?"

"मुदतीच्या आत."

"तिने तसं कळवलं आहे?"

थ्वान, तू मला ओळखतेस. आईच्या आजारपणात डॉक्टर म्हणाले तिला बरी होईल म्हणून सांगा, तेव्हाही मी खोलीबाहेर गेले होते. काल मी गेले नाही. मी म्हटलं, "हो, कळवलं आहे."

कोणी पुन्हा विचारलं नाही. ह्वात म्हणाला, "बाई म्हणतात म्हणजे येणारच." त्याची बायको सिमेंटच्या कारखान्यात कामाला लागणार होती की इथे थांबणार होती, ते या बैठकीवर होतं. ती येत्या सोमवारपासून कारखान्यात जाणार आहे. माझ्या शब्दावर.

मी नंबर माझ्या नावावर का करून घेतला नाही, ते तुला विचारावंसं वाटेल. ती होडी मला नको आहे. मी ती तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, आणि माझे पाय आता तेवढ्यापुरतेच आहेत. शिवाय तुझ्या घरात तू नसताना भात एका माणसाचा शिजतो. एका माणसाचा भात मला अजून नीट जमत नाही, दरवेळी जास्त होतो.

दियेपला सांग, बोंगला काही महिने पाळणाघरात ठेवता येईल, किंवा त्याला घेऊन ये. होडीत घालायचं त्याच्या मापाचं तरंगतं जाकीट मी पाहून ठेवलं आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी दारापाशी खाटेवर झोपते आणि तिथेच बरी आहे. तू आल्यावर मी क्वेतकडे परत जावं की नाही, ते तू ठरव.

बसचं तिकीट काढलंस तरी मला कळवू नकोस. तू कळवलं आहेस असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे.

आजवर खोटी न पडलेली,
तुझी ताई,
खुए