गलबताची बेंबी

४ जून, पाओतेरे धक्का

आज गलबतावर रुजू झालो. हवा छान, पाणी सपाट. पाय ठेवतो न ठेवतो तोच सांगकाला नावाच्या स्वयंपाक्याने कॉफी हातात दिली. कॉफीत झुरळ होतं. ते बोटाने उडवून तो म्हणाला की साहेब, घाबरू नका, पोहत होतं, प्यायलेलं नाही. मी हसलो आणि त्याची पाठ वळताच कॉफी समुद्राला पाजली.

माझं काम सांगायला सोपं आहे: खलाशांना जिवंत परत आणायचं. गेल्या फेरीत एक जण मालाच्या कोठीत उतरला आणि तिथेच गुदमरून गेला, म्हणून मालकाने मला धाडलंय. बंद कोठीत सुकं खोबरं तापलं की हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं, एवढं साधं आहे ते. पण इथे सगळं नशिबावर ढकलायची पद्धत. गलबताचे कप्तान, म्हणजे तांडेल, डाएंग तोम्पो. वय साठीच्या पुढे, सुकटासारखे वाळलेले. माझे हातमोजे, फिनेलचे डबे आणि हवा मोजायची यंत्रं बघून त्यांनी विचारलं की रुखवत कुणाचा आहे. संध्याकाळपर्यंत माझं नाव ‘फिनेलसाहेब’ पडलं होतं.

माझा मेहुणा जुमारदी याच गलबतावर आहे. निघताना बायकोने, नुर्लीनाने, दारात अडवून सांगितलं की बाकीच्यांचं तुम्ही आणि तुमचा मालक बघा, मला माझा भाऊ धडधाकट परत हवा. हे जुमारदीला सांगितलं तर म्हणतो, दाजी, आधी तुम्हाला उलटी झाली की बादली मलाच धरायचीय.

६ जून, सलायार बेट

खोबरं भरून झालं. गोण्यांतून किडे सांडतात, वाहणाऱ्यांच्या मानेवर चढतात, घामात चिकटून मरतात. ही माणसं ते हात विजारीला पुसून भाताला बसतात. मला शिसारी येते आणि ती लपवताही येत नाही. जुमारदी मुद्दाम माझ्या ताटाशेजारी मान झटकतो.

झाकण दिवसभर उघडं ठेवायला लावलं, हवा मोजली, मगच कोठीत उतरलो. अगदी तळाशी, गलबताच्या कण्याच्या मधोमध बेंबी आहे. गलबत पाण्यात ढकलण्याआधी मिस्त्री कण्याला बेंबी पाडतो, कारण ते नवं जन्मलेलं मूल. हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण बाकीच्या गलबतांची बेंबी बोटभर खोल असते आणि पहिल्या तेलानंतर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. हिच्यात माझं मनगट गेलं असतं. आणि ती ओली होती. तेलाने थबथबलेला चिंध्यांचा बोळा, त्याखाली पिवळी साय, सायीत वळवळणाऱ्या अळ्या. न धुतलेल्या तान्ह्या बाळाच्या मानेच्या घडीत येतो ना, तसाच वास, पण डोळ्यांत पाणी आणणारा.

डाएंग म्हणाले, हिची बेंबी कधी वाळलीच नाही, म्हणून रोज कुणीतरी उतरून बोळा बदलतो आणि तेल घालतो. गेल्या फेरीतला तो माणूसही त्याच कामाला उतरला होता. म्हणजे एका सडक्या भोकापायी माणूस गेला! मी इतका भडकलो की बोलताना थुंकी उडत होती. डाएंगांनी शांतपणे तोंड पुसलं.

७ जून

सकाळी डाएंग बंदरात गेलेले बघून मी काम उरकलं. चिमट्याने बोळा ओढायला लागलो तर संपेचना. शेवटी शेवटी चिंध्या नव्हत्याच, केस होते. दोनदा ओकलो. मग ब्लीच ओतलं, भोक खरवडलं, फटी बुजवायची लांबी ठासून भरली आणि वर लाकडी खुंटी ठोकली. शेवटच्या घावाला गलबत तळापासून हललं. लाट असावी.

परतल्यावर डाएंगांनी खुंटी पाहिली. म्हणाले, पोरा, वाहत्या जखमेचं तोंड शिवलंस, आता पू कुठे जायचा? मी म्हटलं, आता खाली कुणी उतरायचं नाही, म्हणजे कुणी मरायचंही नाही. भरतीबरोबर शिडं चढवली.

९ जून

वारा जोरात. सगळं ठीक, फक्त फळ्यांच्या सांध्यांतून पिवळं चिकट काहीतरी पाझरतंय. उन्हाने खोबऱ्याचं तेल सुटलं असणार. पण तेल बोटाला अशी तार धरत नाही. भाताला तोच वास, माशाला तोच, पिण्याच्या पाण्यालाही. सांगकाला म्हणतो, साहेब, फुकटची फोडणी आहे, गप गिळा.

जुमारदीची बेंबी सुजलीय. मी म्हटलं, घाणेरड्या हातांनी खाजवली असशील. तो हसला नाही.

१० जून

जुमारदीच्या बेंबीतून आता पाझर येतो. पिवळा, खवट. मलमपट्टी करताना मी तोंड फिरवलं आणि ते त्याने पाहिलं. स्वतःच्या मेहुण्याची किळस वाटावी! लाज वाटते, पण वाटते ती वाटतेच.

झाकणाच्या फटीतून यंत्राची नळी आत सोडली. प्राणवायूचा आकडा उतरतो, थांबतो, चढतो. पुन्हा उतरतो. यंत्र बिघडलं म्हणून दुसरं लावलं. त्यावरही तेच. बराच वेळ बघत बसलो. मग लक्षात आलं की माझा श्वासही त्या आकड्याबरोबर चाललाय.

११ जून

वारा पडला. इंजिन लावलं. तळ थरथरला आणि जुमारदी पोट धरून किंचाळला. मग सांगकालाही. बंद करावं लागलं.

आता सगळ्यांनाच झालंय. मलाही. फिनेलने बेंबी धुतली, रक्त येईपर्यंत घासली. वास जात नाही. मी मलाच घाण येतोय.

डेकच्या फळ्या कोमट लागतात. दाबल्या की आत जातात, हात काढला की हळूहळू वर येतात.

डाएंग म्हणतात, खुंटी काढ. मीच ठोकली, मीच काढणार. कुणालाही खाली पाठवणार नाही. जुमारदीला तर नाहीच.

१२ जून, दुपार

झाकण उघडलं. आतून ढेकर आल्यासारखी हवा आली. यंत्र म्हणतं हवा चांगली आहे. चांगली!

मी कमरेला दोर बांधत होतो. जुमारदीने हिसकावून घेतला. म्हणाला, दाजी, तुम्ही खाली ओकाल आणि त्यातच बुडाल. अडवायच्या आत उतरला. दोराचं दुसरं टोक माझ्या डाव्या मनगटाला आहे. वरच्याने प्रत्येक हिसका लिहून ठेवायचा, हा नियम माझाच. म्हणून लिहितोय.

एक हिसका. पोचला.

घाव ऐकू येतात. लाकडावरचे नाहीत. ओले आहेत.

खुंटी निघाली. अरे देवा, हा वास — सांगकाला ओकतोय — खाली पिवळं चढतंय, त्यात केस —

हिसका नाही. हाका मारतोय. काही नाही.

हिसका. हिसका. हिसका. थांबतच नाहीत. एका लयीत. माझ्या नाडीच्याच —

ओढलं. हातभर दोर वर आला. हा आमचा दोर नाही. गरम आहे. निळसर, पीळ पडलेला, बुळबुळीत. आतून काहीतरी वाहतंय. माझ्याकडून खाली.

जुमारदी बोलला! जिवंत आहे. म्हणतो, दाजी, ओढू नका. इथे ऊब आहे. पोट भरलंय माझं. हसतोय —

डाएंगांनी कोयता दिला. म्हणतात, काप, तो गेला, तू तरी सूट. कसा कापू? त्याचा आवाज येतोय. नुर्लीनाला काय —

आता तो रडतोय. तान्ह्या बाळासारखा.

दोर सोडवून स्वतःच उतरतो. त्याला आणतो. पण मनगटावर गाठच नाही. माझं कातडं कुठे संपतं आणि ही नाळ कुठे सुरू —